तिकडं मुदतवाढ नसते

मागच्या रविवारी जिंतूरकडचा एक मुलगा घरी येऊन गेला, सोबत त्याचे वडील. मुलगा बारावी सायन्सला. मी इथं परभणीत ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, आणि गेल्या वर्षी माझ्या भाचीचा अमेरिकेतल्या कॉलेजांचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला होता, ते कुठून तरी त्यांच्या कानावर गेलेलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, १ नोव्हेंबर शेवटची तारीख आहे ना, म्हणजे अजून लई टाइम आहे." आणि वडील लगेच म्हणाले, "आन् शेवटी वाढवून देतेतच की."

त्या वाक्यावर मी जरा वेळ काही बोललेच नाही. कारण २०२४ च्या जुलैत माझे दाजी ह्याच खोलीत बसून अगदी हेच बोलले होते आणि तेव्हा मीसुद्धा मान हलवली होती. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. परभणी, हिंगोली, बीड, नांदेड, कुठल्याही तालुक्यात असं एखादं लेकरू असेल ज्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं खूळ आहे, त्याच्यापर्यंत हे वेळेत पोचावं एवढीच इच्छा आहे.

आधी मुदतवाढीचं बोलते. दाजींचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी आयुष्यभर तेच बघितलंय. पीक विम्याची ३१ जुलै जवळ आली की सेतू केंद्रावर रांग, सर्व्हर बसलेला, आणि मग कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी येते की तारीख वाढली. सीईटीच्या फॉर्मला मुदतवाढ, आरटीईला मुदतवाढ, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटीला तर किती वेळा ते सांगता येत नाही, आणि बारावी बोर्डाचा फॉर्म घ्या, नियमित शुल्क झालं की विलंब शुल्क, ते झालं की अतिविलंब शुल्क. ज्या गावात लाइट संध्याकाळी येते आणि नेट गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही तिथं मुदतवाढ म्हणजे खरंच आधार असतो, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्याच्यामुळं आपल्या लेकरांच्या अंगात एक गोष्ट मुरलीय की शेवटची तारीख आली म्हणजे आता कामाला लागायचं. आणि तिकडं १ नोव्हेंबर म्हणजे १ नोव्हेंबर, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं, बस.

तिकडचं वेळापत्रक थोडक्यात सांगते. बरीचशी कॉलेजं कॉमन ॲप नावाच्या एकाच पोर्टलवर अर्ज घेतात, ते दरवर्षी १ ऑगस्टला नवीन उघडतं. एमआयटीसारख्या काहींचं स्वतःचं वेगळं पोर्टल आहे. लवकरची फेरी साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरला बंद होते, निकाल डिसेंबरच्या मध्यात. नियमित फेरी बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत बंद होते आणि निकाल मार्चअखेर, मग १ मे पर्यंत कळवायचं येणार की नाही. लवकरच्या फेरीतही प्रकार आहेत. अर्ली डिसिजन म्हणजे सुपारी फोडल्यासारखं, घेतलं तर जावंच लागतं, बाकी सगळीकडचे अर्ज मागं घ्यायचे (मागितलेली मदत पुरेशी मिळाली नाही तर तेवढ्या कारणावर सुटता येतं). अर्ली ॲक्शनला तसं बंधन नसतं, पण येल, प्रिन्स्टन अशा ठिकाणी एक अट असते की लवकरच्या फेरीत आमच्याकडं केला तर दुसऱ्या खाजगी कॉलेजात लवकरचा करायचा नाही. हे शब्द सारखेच दिसतात म्हणून लेकरं गोंधळतात, तर प्रत्येक कॉलेजच्या साईटवर जाऊन स्वतः वाचायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबायचं नाही.

आणि पैशाचं. आपल्यासारख्यांनी तिकडं बघायचं एकच कारण असू शकतं, की काही मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचाही अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत आणि घेतलं तर जेवढी कमी पडते तेवढी मदत करतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यातली जुनी, डार्टमाउथ आणि बोडन २०२२ पासून. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितली की घेण्याची शक्यता कमी होते. ही जी मोजकी आहेत तिथं शंभरात चार-पाच लेकरं घेतात, कुठं थोडी जास्त. हे आधी घरात सगळ्यांसमोर मोकळं बोलून घ्यावं.

आता भाचीचं सांगते. आक्काचं घर मानवतजवळ, सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. पोरगी हुशार, वाचनाचं वेड, आणि दहावीनंतर कुठल्या तरी व्हिडिओत तिनं बघितलं की असं असतं म्हणून. जुलैत ठरलं, ऑगस्टात ती रेल्वेनं हैदराबादला जाऊन सॅटची, म्हणजे तिकडच्या कॉलेजांसाठीची परीक्षा देऊन आली, निबंधाच्या वह्या भरायला लागली. आम्ही दोघींनी गृहीत धरलं की अवघड काम म्हणजे निबंध. ६५० शब्दांचा निबंध, त्याच्यावर दोन महिने घालवले.

अवघड काम होतं अकरावीचं गुणपत्रक.

तिकडं नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, शाळेनं स्वतः पाठवलेले. आपल्याकडं अकरावीला कोण विचारतं? पोरं नाव एका कॉलेजात घालतात आणि दिवसभर क्लासला बसतात, लातूरला, नांदेडला, सगळीकडं हेच आहे, अकरावीची परीक्षा होऊन जाते आणि कागद कुठं जातो कुणाला माहीत नसतं. भाचीच्या कॉलेजात (मी शिकवते ते नव्हे) १८ सप्टेंबरला आम्ही ऑफिसात गेलो, तारीख लक्षात आहे कारण आदल्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं म्हणून ऑफिस बंद होतं. क्लार्क चांगले होते बिचारे, म्हणाले, "मॅडम, पंधरा वर्षं झाली मला इथं, अकरावीचं मार्कमेमो मागाया आजपोतर कुणी आलं नाही." रजिस्टर सापडायला नऊ दिवस लागले. सापडलं तर त्यात नाव आडनावापासून, म्हणजे आधी आडनाव मग तिचं मग वडलांचं, बोर्डाच्या पद्धतीनं, आणि पासपोर्टवर वेगळं, आणि सॅटला तिनं वडलांचं नाव टाकलंच नव्हतं. तीन कागद, तीन मुली. मग प्राचार्यांच्या लेटरहेडवर एक पत्र करून घेतलं की ही तिन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची. हे पत्र आधीच करून ठेवा. खरंच सांगते, ज्या दिवशी कॉमन ॲपवर अकाउंट काढाल त्या दिवशी पासपोर्ट समोर ठेवूनच नाव टाका आणि पुढं प्रत्येक ठिकाणी तेच स्पेलिंग.

मग काउन्सेलर. पोर्टल विचारतं तुमच्या शाळेचा काउन्सेलर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारा माणूस कोण, त्याचा ईमेल काय. आपल्याकडं असं पद नाही. प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करू शकतात पण त्यांना लिंक जाते, ती उघडून त्यांनी शाळेची माहिती भरायची, मार्क अपलोड करायचे. आमच्या सरांचा ईमेल कॉलेजचा क्लार्क बघायचा आणि क्लार्क तो आठवड्यातून एकदा उघडायचे. लिंक आलेली कळायलाच ऑक्टोबर उजाडला.

शिक्षकांची दोन पत्रं लागतात. तिच्या बायोलॉजीच्या सरांनी पहिलं पत्र दिलं त्यात लिहिलेलं होतं की सदर विद्यार्थिनी माझ्या माहितीप्रमाणे चांगल्या वर्तणुकीची आहे, हे इंग्रजीत, चार ओळी, खाली शिक्का. सरांनी मनापासूनच दिलेलं, आपल्याकडं पत्र म्हणजे चारित्र्याचा दाखलाच असतो ना. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला, म्हटलं सर, ते पत्र राहू द्या, तुम्ही मला तिचं काही आठवतंय ते सांगा. तर सर तासभर बोलत होते. प्रॅक्टिकलला तिनं जास्वंदीचं फूल कापताना काय विचारलं, एकदा फळ्यावरची सरांचीच आकृती कशी चुकलीय ते तास संपल्यावर वहीत काढून कसं दाखवलं. मी म्हटलं सर, हेच लिहा, असंच लिहा. त्यांनी स्वतः बसून लिहिलं, इंग्रजी साधंच पण त्यात पोरगी दिसत होती.

हे सगळं होता होता दिवाळी आली. २०२४ ला लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं. कॉलेजला २८ तारखेपासून सुट्ट्या, क्लार्क गावाला, आणि काउन्सेलरच्या खान्यात अजून मार्क अपलोड नाहीत. दाजी बिचारे उठून क्लार्कच्या गावाला गेले, सेलूच्या पुढं, मोटारसायकलवर, आणि ऐन दिवाळीत त्या माणसानं दाजींना घेऊन प्राचार्यांच्या घरी जाऊन ते काम केलं. रात्री साडेआठला. त्याच्या घरातही पूजा होती. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. (नंतर कळालं की बऱ्याच कॉलेजांत शाळेकडून येणाऱ्या कागदांना दोन-चार दिवस इकडंतिकडं चालतं, विद्यार्थ्याच्या अर्जाला मात्र चालत नाही. तेव्हा हे माहीत असतं तर आक्काचं बीपी वाढलं नसतं.) कॉमन ॲपला आपल्या इथल्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे ११:५९ धरतात हे एक बरंय. पावणेअकराला तिनं सबमिट दाबलं. समोर लक्ष्मी मांडलेली, वह्यांना हळदकुंकू लागलेलं, आणि आक्कानं लॅपटॉपलाही कुंकवाचं बोट लावलं.

आता जे मला जास्त मनापासून सांगायचंय ते मुलाखतीचं.

बरीच अमेरिकन कॉलेजं माजी विद्यार्थ्यांकडून मुलाखत घेतात. हे लोक कॉलेजचे नोकर नसतात, पगार नसतो, आपापल्या नोकऱ्या सांभाळून हौसेनं करतात. त्यांच्या हातात साधारण तुमचं नाव, शाळा, ईमेल एवढंच असतं, मार्क, निबंध, काही दिसत नाही. अर्धा-पाऊण तास गप्पा मारतात आणि कॉलेजला एक टिपण पाठवतात, प्रवेश द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं. सगळ्यांना मुलाखत मिळतेच असं नाही, त्या भागात माणसं किती आहेत त्यावर असतं, आणि नाही मिळाली तर त्याचा तोटा होत नाही असं कॉलेजं स्वतः सांगतात. एमआयटीत ह्या लोकांना एज्युकेशनल काउन्सेलर म्हणतात. आपल्याकडच्या मुलांची मुलाखत आता बहुतेक व्हिडिओवरच होते. मेल येतो, कधी स्पॅममध्ये जाऊन पडतो, म्हणून रोज स्पॅम बघायचं, आणि आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं.

भाचीला ५ नोव्हेंबरला मेल आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या एक बाई होत्या, वेळ दिली रविवार १० नोव्हेंबर, त्यांच्याकडचे सकाळचे साडेनऊ. आम्ही सप्टेंबरपासून तिकडचे वेबिनार ऐकत होतो, साडेनऊ तासांचा फरक पाठ झालेला, म्हणून आपल्याकडं संध्याकाळचे सात. पण तिकडं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागं करतात. त्या वर्षी ते भाऊबीजेच्या दिवशी झालं, ३ तारखेला, आणि त्यानंतर फरक साडेदहा तासांचा होतो. आम्ही सात वाजता लिंक उघडून बसलो आणि समोर कुणीच नाही. सव्वासात, साडेसात. पोरीचे हात गार पडले. मी फोनवर न्यू जर्सीची वेळ टाकून बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अजून अर्धा तास आहे.

तो अर्धा तास आमच्या फार कामाला आला. त्याच्या आधी पाच दिवस आम्ही तयारी केली होती, आणि ती तयारी मला मनातून पटत नव्हती. आपल्याकडं मुलाखत म्हटलं की डोळ्यासमोर येतं टेबल, पलीकडं साहेब, अलीकडं उमेदवार, हात मांडीवर, विचारलं तेवढंच बोलायचं. माझी भाची मोठ्या माणसासमोर तशीच बसते. घरात पाहुणे आले की पाणी देऊन आत जायचं, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, उलट विचारायचं नाही, हे आम्हीच शिकवलंय, आक्कानं, मी, आमच्या आईनं. सराव घेताना मी विचारलं, फावल्या वेळात काय करतीस? ती म्हणाली, रीडिंग. काय वाचतीस? नॉव्हेल्स. पुढं गप्प. मी म्हटलं बोल की अजून, तर ती म्हणाली, "मावशी, त्यांनी विचारल्याशिवाय कसं बोलायचं, आगाऊपणा वाटतो." आणि शेवटी त्या विचारतील तुला काही विचारायचंय का, तेव्हा तू विचारायचं, हे तर तिच्या पचनीच पडेना. "मी त्यांना विचारू? मोठ्या बाई आहेत त्या."

तर त्या अर्ध्या तासात आम्ही काही सराव केला नाही. आक्कानं ताटात भाकरी आणि ठेचा आणून ठेवला, पोरगी खात खात आईला सांगायला लागली की मधल्या वावरात सापळ्यात किती पतंग आले.

हे सापळ्याचं सांगायला पाहिजे. कापसावर गुलाबी बोंडअळी पडते, तिच्यासाठी कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. आपल्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो की एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले तरच फवारायचं. पण गावात शेजाऱ्यानं फवारलं की आपणही फवारायचं असं चालतं. ही पोरगी दोन वर्षं रोज सकाळी सापळे मोजत होती. एक दोनशे पानी वही, वरच्या कोपऱ्याला तेल लागलेलं, आत रेघा मारून रकाने, तारीख, सापळा एक, सापळा दोन, सापळा तीन, आणि शेवटच्या रकान्यात पाऊस, वारा, चांदणं. २०२३ ला तिच्या आकड्यावर भरवसा ठेवून दाजींनी दोन फवारण्या वाचवल्या. २०२४ ला पोळ्याच्या आगेमागे जी अतिवृष्टी झाली त्यात एक सापळा वाहून गेला, त्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारून लिहिलंय, सापळा नाही.

आणि ही वही अर्जात कुठंच नव्हती! अर्जात दहा उपक्रम लिहायची जागा असते, प्रत्येकाला १५० अक्षरं. तिनं वक्तृत्व स्पर्धा लिहिली, चित्रकलेची इंटरमिजिएट लिहिली, वृक्षारोपण लिहिलं. वही नाही. मी तिची मावशी, दोन महिने तिच्याशेजारी बसून अर्ज भरला, मलाही त्या रात्री पहिल्यांदा कळालं. मी म्हटलं हे कामून लिहिलं नाहीस? तर म्हणाली, "ते घरचं काम आहे ना मावशी."

आठ वाजता बाई आल्या. बोलायला छान, हसऱ्या. पहिली पाच-सात मिनिटं भाची तशीच, एक वाक्य आणि गप्प. मी आतल्या खोलीत, आईवडील जवळ असू नयेत असं त्यांचं सांगणं असतं आणि ते बरोबरही आहे, पण दाराला पडदा होता आणि ऐकू येत होतं. तेवढ्यात बाहेरून प्रचाराची गाडी आली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, गावोगाव भोंगे, गाडी अगदी घरासमोर थांबली आणि गाणं सुरू झालं. मला वाटलं संपलं सगळं. पण बाईंनी विचारलं हा कसला आवाज, कुणाचं लग्न आहे का? आणि भाची हसली. हसली आणि बोलायला लागली, निवडणूक काय, गाणी कुठून येतात, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर आहे आणि बाजारात चार हजाराच्या आसपास विकावं लागतंय म्हणून लोक कसे चिडलेत, मग पप्पा म्हणतात पुढच्या साली कापूस वाढवू, पण कापसाला बोंडअळी, आणि तिथून सापळे, आणि मग तिनं खुर्चीवरून उठून वहीच आणली. कॅमेऱ्यासमोर धरली. मी पडद्यामागं उभी राहून रडत होते.

बाईंनी विचारलं, हा चांदण्याचा रकाना कशाला? ती म्हणाली, मला वाटतं पौर्णिमेच्या आसपास कमी येतात, पण दोन वर्षांचेच आकडे आहेत, अजून नक्की म्हणता येत नाही. हे तिनं तुटक्या इंग्रजीत सांगितलं. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते, वर्गात मला इतकं चांगलं उत्तर फार थोड्या वेळा मिळालंय.

आणि शेवटी, काही विचारायचंय का? आम्ही साईटवरून तीन प्रश्न पाठ केले होते. तिनं त्यातला एकही विचारला नाही. तिनं विचारलं, तुम्ही घरापासून एवढ्या लांब पहिल्यांदा गेलात तेव्हा तुमच्या आईला कोण फोन लावून द्यायचं? त्या जरा वेळ थांबल्या आणि मग स्वतःच्या आईबद्दल बोलत राहिल्या. पाऊण तासाची मुलाखत सव्वा तास चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं आभाराचा दोन ओळींचा मेल केला, आणि वहीबद्दल थोडी माहिती कॉलेजच्या पोर्टलवरून वेगळी पाठवली. तशी सोय बऱ्याच कॉलेजांत असते, अर्ज गेल्यावरही काही राहिलं असेल तर कळवता येतं.

निकाल सांगते. डिसेंबरात डेफर आलं, म्हणजे नाही म्हणत नाहीत, नियमित फेरीत परत बघू म्हणतात. जानेवारीत अजून पाच ठिकाणी अर्ज, ११ फेब्रुवारीपासून बारावीचे पेपर, मार्चअखेर सगळीकडून नाही. ती आता बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात बायोलॉजीला गेलीय, तिथंही मुलाखत होती आणि तिथं ती वही घेऊनच बसली होती. घरची परिस्थिती बघून तिथं फी आणि हॉस्टेलची मदत मिळाली. मदतीच्या फॉर्मबद्दल एक सांगते, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्यक्षातलं उत्पन्न ह्याच्यात आपल्याकडं कधीकधी फरक असतो, तर तिथं खरं तेच लिहा, आडतीच्या पट्ट्या आणि बँकेचं पासबुक जोडा. दाजींनी सगळ्या पट्ट्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या म्हणून आमचं निभावलं.

कुणी म्हणेल मग एवढी उरस्फोड कशाला केली. मला तसं वाटत नाही. आमच्या घरात आता पोरी मोठ्यांना प्रश्न विचारतात. परवा धाकटीनं दाजींना विचारलं की सातबाऱ्यावर आईचं नाव का नाही, आणि दाजी रागावले नाहीत, बसून विचार करत होते.

तर तो जिंतूरचा मुलगा. रविवारी मी जे जे विचारलं त्याची उत्तरं वडीलच देत होते, आवड काय, वडील सांगतात, पुढं काय करणार, वडील सांगतात, माया असते त्याच्यात, मला कळतं. मी त्याला म्हटलं तू घरी काय काम करतोस? तो वडलांकडं बघून म्हणाला, काही नाही मॅडम, स्टडी. मी जास्त ताणलं नाही. निघताना वडील गाडी चालू करायला बाहेर गेले आणि हा फाटकाजवळ मागं थांबला, चप्पल घालत घालत खाली बघून म्हणाला, "मॅडम, सगळीकडून नाही आलं तेव्हा ताई रडल्या का?"

मी म्हटलं हो, दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी वावरात गेली. तो म्हणाला बरं, आणि मग म्हणाला, आमच्या बारा शेळ्या आहेत मॅडम, त्यांचं औषधपाणी मीच बघतो, त्याची मी डायरी ठेवलीय.

उद्या सोमवार. अकरा वाजता त्याच्या कॉलेजचं ऑफिस उघडतं, मी रजा टाकलीय. अकरावीच्या मार्कमेमोचा अर्ज आणि नावाच्या पत्राचा मसुदा दोन्ही टाईप करून पिशवीत ठेवलेत, आणि त्याला निरोप दिलाय की पासपोर्ट नसला तर आधार आण आणि ती डायरी आण.